फांदी कुणी तोडली?

बालमित्रांनो,

'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' ही म्हण तुम्हांला पाठ असेल. कावळा फांदीवर बसला, त्याच क्षणी फांदी तुटली. बघणारे म्हणाले, "कावळ्यानं तोडली!" आता सांगा बरं, एवढासा कावळा, तो काय फांदी तोडणार? फांदी आतून कधीचीच किडलेली होती. पण किडलेलं कुणाला दिसत नाही, कावळा मात्र सगळ्यांना दिसतो.

मी ही म्हण दर वर्षी वर्गात शिकवते. अर्थ सांगते, वाक्यात उपयोग करून घेते, बरोबर लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण देते. आणि तरीसुद्धा दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी स्वतःच एका कावळ्याला धरलं. त्याचीच ही गोष्ट.

आमच्या शाळेच्या संगणक खोलीत सहा संगणक आहेत. मुलं त्यांवर चित्रं काढतात, लेख टाइप करतात. पण हे काम त्या सहा संगणकांत साठत नाही बरं का! ते साठतं ऑफिसमधल्या एका मोठ्या संगणकात. वायरींनी हे सगळे एकमेकांना जोडलेले आहेत. खोलीतल्या कुठल्याही पडद्यावर 'आमचं कपाट' नावाचं एक चित्र दिसतं. त्यावर दोनदा टिचकी मारली, की ऑफिसातल्या संगणकातलं कपाट इथं बसल्या बसल्या उघडतं. त्यामुळे आज पहिल्या संगणकावर अर्धवट राहिलेलं चित्र उद्या पाचव्या संगणकावर पुरं करता येतं.

सुट्टीआधी चौथीच्या मुलांनी हस्तलिखितासाठी खूप मेहनत केली होती. पन्हाळ्याची सहल, आजीनं सांगितलेल्या गोष्टी, रंकाळ्यावरच्या पक्ष्यांची चित्रं, असे एकूण ३४ लेख आणि चित्रं त्या कपाटात होती. सुट्टीत खोलीतल्या सहाही संगणकांचं 'अपग्रेड' झालं. अपग्रेड म्हणजे संगणक चालवणारी जुनी प्रणाली काढून तिच्या जागी नवी, सुधारलेली प्रणाली घालणं.

सोमवारी घंटा होताच एक मुलगा सगळ्यांच्या आधी खोलीत धावला. त्याचं नाव मी सांगणार नाही. वर्गात तो उचापती म्हणून प्रसिद्ध आहे, एवढं पुरे. त्यानं पहिला संगणक चालू केला आणि लगेच हाक मारली, "बाई, कपाट उघडंना वो!"

मी जाऊन बघितलं. खरंच उघडत नव्हतं. परवानगी नाही, अशा अर्थाची एक पाटी पडद्यावर आली होती. माझ्या पोटात धस्स झालं. ३४ लेख गेले की काय?

"काय केलंस तू?"

"काय नाही वो बाई. नुसतं चालू केलं."

"नुसतं चालू केल्यावर असं होतं होय? सुट्टीआधी बरं चाललं होतं. तू हात लावलास आणि बंद पडलं. जा, बाहेर उभा राहा!"

तो बाहेर जाऊन उभा राहिला. म्हणजे बघा, कावळा बसला, फांदी तुटली आणि बाईंनी कावळ्याला शिक्षा केली!

आता या मुलाला थोडा वेळ बाहेरच उभा राहू दे (तो पुढं आत येणार आहे, काळजी करू नका). तोवर मी तुम्हांला आमच्या कपाटाच्या एका थोरल्या भावाची गोष्ट सांगते.

आमचं कपाट एकाच संगणकात आहे. पण हजारो माणसांना, वेगवेगळ्या गावांतून, एकच कपाट वापरायचं असेल तर? एका संगणकाला तो भार झेपणार नाही. शिवाय तो एक बिघडला, की सगळ्यांचंच काम अडलं. आपल्या कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी गावात शिरलं, तेव्हा कित्येक घरांतली वह्या-पुस्तकं, दाखले, फोटो भिजून गेले. ज्या कागदाची एक प्रत उंचावरच्या पाहुण्यांच्या घरी होती, तो कागद वाचला. एकाच जागी सगळं ठेवू नये ते यासाठी.

म्हणून संगणकवाल्यांनी एक युक्ती काढली. समजा, आपल्या गावात एक मोठं वाचनालय आहे. त्याची पुस्तकं एका इमारतीत नाहीत. काही राजारामपुरीत, काही कसबा बावड्यात, काही शिवाजी पेठेत. नेहमी लागणाऱ्या पुस्तकांच्या प्रती दोन-तीन ठिकाणी. पण तुम्ही कुठल्याही दारातून आत गेलात आणि पुस्तकाचं नाव सांगितलंत, की पुस्तक हातात. ते कुठून आलं हे तुम्हांला कळतही नाही आणि कळायची गरजही नाही. संगणकांच्या जाळ्यात फाइली अशा वाटून ठेवायच्या पद्धतीला 'वितरित फाइल प्रणाली' म्हणतात. वितरित म्हणजे वाटलेली.

आपल्या मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. १९४५ मध्ये डॉ. होमी भाभांनी ती सुरू केली. तिथले शास्त्रज्ञ युरोपातल्या 'सर्न' या प्रचंड प्रयोगशाळेच्या 'सीएमएस' नावाच्या प्रयोगात भाग घेतात. या प्रयोगातून इतकी माहिती गोळा होते, की ती एका जागी मावतच नाही. ती जगभरच्या केंद्रांत वाटून ठेवतात आणि त्यांतलं एक केंद्र कुलाब्याच्या या संस्थेत आहे.

अशा वाटलेल्या कपाटांत एक जुनं आणि नावाजलेलं कपाट म्हणजे 'एएफएस'. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८० नंतरच्या दशकात ते तयार झालं. त्यातला 'ए' म्हणजे अँड्र्यू. विद्यापीठ ज्यांच्या नावानं चालतं ते अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन, दोघंही अँड्र्यूच! सर्नमध्येही हे कपाट अनेक वर्षं वापरात होतं. पुढं २००० साली त्याची सगळी आज्ञावली, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना, सगळ्यांसाठी खुली झाली आणि त्याचं नाव पडलं 'ओपनएएफएस'.

आता तारीख नीट लक्षात ठेवा. १४ जानेवारी २०२१. संक्रांतीचा दिवस. आपण तिळगूळ वाटत होतो आणि तिकडं ओपनएएफएसवर खरोखरच संक्रांत आली! आपल्या घड्याळात दुपारचे १ वाजून ५५ मिनिटं आणि ३६ सेकंद झाले. त्या क्षणानंतर जो संगणक बंद करून पुन्हा चालू केला जाई, त्याला कपाट धड उघडताच येईना. जे आधीपासून चालू होते ते मात्र मजेत चालले होते.

आता गंमत बघा. संगणक अडला, की आपण पहिला उपाय काय करतो? "बंद करून चालू कर!" त्या दिवशी हा उपायच उलटला. औषध घेतलं आणि आजार झाला.

समजा, त्या दिवशी दुपारी कुणी आपल्या संगणकाचं अपग्रेड केलं असेल. अपग्रेड झाल्यावर संगणक बहुधा बंद करून चालू करावाच लागतो. चालू केला, तर कपाट उघडेना. मग तो माणूस काय म्हणेल? "या नव्या अपग्रेडनंच घोटाळा केला!" तो जुनं परत घालील, पुन्हा बंद-चालू करील आणि तरीही कपाट उघडणार नाही. कारण त्या दिवशीचं अपग्रेड हा नुसता कावळा होता.

मग फांदी किडली होती कुठं?

त्याचं असं आहे. तुम्ही दवाखान्यात गेलात, की तुम्हांला नंबराचं टोकन मिळतं. प्रत्येकाचा नंबर वेगळा, म्हणून गोंधळ होत नाही. ओपनएएफएसमध्येही एक संगणक दुसऱ्याशी बोलायला लागला, की त्या बोलण्याला एक नंबर मिळतो. पहिला नंबर कुठला घ्यायचा, हे संगणक चालू होताना घड्याळावरून ठरत होतं. संगणकाचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजत आलंय. त्या संक्रांतीला दुपारी हा आकडा झाला १,६१,०६,१२,७३६. म्हणजे १६१ कोटी ६ लाख १२ हजार ७३६ सेकंद!

जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा आठवा. ९९९९९ झाले, की पुढं जागाच नाही. या नंबराचंही तसंच झालं. सेकंदांच्या या आकड्यापासून पुढं तयार होणारा नंबर ठरलेल्या जागेत मावेना. असं झालं तर काय करायचं याची सूचना आज्ञावलीत लिहिलेली होती, पण नेमकी तीच चुकलेली होती. त्यामुळे प्रत्येक नव्या बोलण्याला तोच तो नंबर मिळू लागला. दवाखान्यात सगळ्यांना सात नंबरचं टोकन दिलं तर काय होईल? अगदी तेच झालं. आधीपासून चालू असलेल्या संगणकांनी आपला पहिला नंबर त्या क्षणाआधीच घेतला होता, म्हणून ते वाचले.

ही चूक १.८ या मालिकेत होती. त्या मालिकेची पहिली आवृत्ती निघाली २०१८ मध्ये. म्हणजे फांदी कधीची किडलेली, पण तुटली २०२१ च्या संक्रांतीला! चूक सापडल्यावर त्याच महिन्यात १.८.७ ही दुरुस्त आवृत्ती आली. ती घातली, की कपाट पुन्हा उघडू लागलं. म्हणजे ज्या अपग्रेडवर कुणी रागावलं असेल, शेवटी उपाय निघाला तो अपग्रेडमधूनच.

हे कोडं सोडवायला कामाला येतो एकच साधा प्रश्न. 'कुठले संगणक चालताहेत आणि कुठले नाहीत? दोघांत फरक काय?' बस्स! या प्रश्नाचं उत्तर मिळालं, की अर्धं काम झालं.

चला, आता आमच्या शाळेत परत येऊ. बाहेर तो मुलगा उभाच आहे.

खरं सांगते, त्याच्याकडं बघून माझं मन खाऊ लागलं. मी रागावले, पण तपासलं काय? काहीच नाही. मग फळा पुसला आणि मुलांना म्हटलं, "आता आपण पोलीस व्हायचं. पण आधी कुणालाही चोर म्हणायचं नाही." त्या मुलालाही आत बोलावलं. मग एकेक प्रश्न फळ्यावर लिहीत गेलो.

प्रश्न पहिला : एकच संगणक अडलाय की सगळे? मुलांनी उरलेले पाच संगणक चालू केले. पाचांवरही तीच पाटी! मागच्या बाकावरची एक मुलगी पटकन म्हणाली, "बाई, त्यानं तर पयल्यालाच हात लावलेला. मग बाकीचे पाच कसे काय बिघडले?"

वर्ग एकदम गप्प झाला. मीही. मी हा प्रश्न आधी विचारला असता, तर पाच मिनिटांत उत्तर मिळालं असतं आणि एका निरपराध मुलाला बाहेर उभं राहावं लागलं नसतं.

प्रश्न दुसरा : वस्तू हरवलीय की नुसतं दार बंद झालंय? हे दोन अगदी वेगळे बिघाड आहेत. आम्ही ऑफिसात गेलो. मोठ्या संगणकावर जाऊन थेट कपाट उघडलं. मुलांनी मोजलं. एक, दोन, तीन... ३४! सगळे लेख जागच्या जागी होते. माझा जीव भांड्यात पडला. मोडतोड करण्याआधी हे बघून घ्यावं. कित्येकदा माणसं घाबरून नको ती बटणं दाबतात आणि चांगलं असलेलं खरोखरच घालवून बसतात.

प्रश्न तिसरा : वाट ठीक आहे का? वायरी बघितल्या, जोडणीच्या डबीवरचे दिवे बघितले. सगळे लुकलुकत होते. मग मी माझा जुना लॅपटॉप आणला. त्याचं अपग्रेड झालेलं नव्हतं. तो त्याच वायरीला लावला. आणि काय आश्चर्य! कपाट चटकन उघडलं. म्हणजे वायर ठीक, मोठा संगणक ठीक. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या संगणकांत फरक राहिला एकच. तो म्हणजे अपग्रेड.

आता लक्षात घ्या हं! अपग्रेड दोषी असेल, असा संशय मलाही आला असता. पण संशय वेगळा आणि पुरावा वेगळा. लॅपटॉप लावून बघितल्यावर आम्हांला पुरावा मिळाला.

प्रश्न चौथा : नेमकं बदललं काय? संगणक दुरुस्त करणाऱ्या दादांना फोन केला. त्यांना 'संगणक बंद पडलाय' असं न सांगता फळ्यावरची तिन्ही उत्तरं वाचून दाखवली. ते हसून म्हणाले, "बाई, निम्मं काम तुमच्या पोरांनीच केलंय की!" मग त्यांनी सांगितलं. आमच्या कपाटाला कुलूपच नव्हतं. नाव नाही, पासवर्ड नाही, कुणीही यावं आणि उघडावं. जुन्या प्रणालीला ते चालत होतं. नवी प्रणाली म्हणते, बिनकुलपाच्या कपाटाशी मी व्यवहार करणार नाही. म्हणजे काही बिघडलं नव्हतं, नियम बदलला होता.

असा कडक नियम कशाला, असं तुम्हांला वाटेल. त्यालाही कारण आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा एक दुष्ट प्रोग्रॅम शंभराहून जास्त देशांत पसरला. तो लोकांच्या फाइली कुलूपबंद करी आणि सोडवायला पैसे मागे. एका संगणकातून शेजारच्या संगणकात शिरायला त्यानं फाइली वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीतली एक फट वापरली होती. इंग्लंडमधल्या कितीतरी सरकारी दवाखान्यांचं काम अडलं, रोग्यांना परत जावं लागलं. ही फट बुजवणारं अपग्रेड दोन महिने आधी, मार्चमध्येच, निघालं होतं. ज्यांनी ते घातलं नव्हतं, त्यांच्यावर ही पाळी आली. म्हणून अपग्रेडला घाबरून ते टाळायचं नाही. करायचं, पण आधी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत दुसरीकडं ठेवून. आणि करायचं तेही एका संगणकावर आधी. तो नीट चालला, की मग बाकीच्यांवर. आमचं हे दुसरं पथ्य चुकलं होतं. सहाही संगणक एकदम नवे केले. माझा जुना लॅपटॉप नसता, तर ताडून बघायला आमच्याकडं काहीच उरलं नसतं.

दादांनी नवा नियम बंद पाडायची वाट दाखवली नाही. त्यांनी कपाटालाच कुलूप करून दिलं आणि आम्हांला नाव-पासवर्ड दिला. सहाही पडद्यांवर कपाट उघडलं. पन्हाळ्याची सहल, आजीच्या गोष्टी, रंकाळ्यावरचे पक्षी, सगळे हजर!

मग मी वर्गासमोर त्या मुलाला जवळ बोलावलं. शिक्षा सगळ्यांसमोर केली होती, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी होती. म्हटलं, "बाळा, माझं चुकलं. तू नुसतं पहिल्यांदा बघितलंस आणि खरं ते सांगितलंस. मी तुझं ऐकायला हवं होतं."

तो लाजला. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणाला, "असू दे वो बाई." आणि जागेवर जाऊन बसला. पण मला एक गोष्ट टोचत राहिली. उद्या खरंच काही बिघडलेलं त्याच्या नजरेला पडलं, तर तो सांगायला येईल का? सांगणाऱ्यालाच शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी पोरं गप्प बसतात. आणि गप्प बसलं, की किडलेली फांदी तशीच राहते.

म्हणून आता खोलीच्या दाराला आम्ही एक वही बांधलीय. काही अडलं, की त्यात लिहायचं : तारीख, वेळ, काय दिसलं, त्याआधी काय काय बदललं होतं आणि मग आपण काय करून बघितलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, की कशानं गुण आला ते कळत नाही. वहीत एक रकाना मात्र मुद्दाम ठेवलेला नाही. 'कुणी केलं?' हा. पहिली नोंद कुणी केली असेल, ओळखा पाहू? बरोबर! आमच्या त्या उचापती मुलानं. सोमवारची सगळी हकिगत त्यानं स्वच्छ अक्षरात लिहिलीय. शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत, पण मी त्या दिवशी लाल पेन काढलं नाही.

आता तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. घरात काहीतरी अडेल. टीव्ही लागणार नाही, मोबाइलवरचे फोटो दिसणार नाहीत, नाहीतर सायकलची चेन पडेल. तेव्हा लगेच धाकट्या भावंडाच्या नावानं ओरडू नका. आधी वही काढा आणि चार प्रश्न लिहा. एकच अडलंय की सगळं? वस्तू गेलीय की नुसतं दार बंद आहे? वाट ठीक आहे का? काय बदललंय? उत्तरं आमच्या पत्त्यावर जरूर पाठवा.

आणि आई-बाबांना एक विनंती. पोरगं "मी काही केलं नाही" म्हणालं, की ते खोटंच असतं असं नाही. दर वेळी खरंच असतं असंही नाही. म्हणून तर तपासायचं. आधी उरलेले पाच संगणक चालू करून बघा, मग रागवा.

पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमच्या,
बाई